पुरा धवला

केसरीनाथच्या माणसांनी माझ्या भावाचा पाग राहनाळच्या गोदामात भिंतीला खिळ्यांनी ठोकला होता. पाग म्हणजे खाडीत फेकायचं जाळं. ते खुंटीला टांगतात, दांडीवर वाळत घालतात. त्याला खिळा मारत नाहीत, एक गाठ सुटली की शेजारच्या सुटत जातात. भावाने तो स्वतःच्या हाताने विणलेला. भाऊ गेल्यावर कमळने, त्याच्या मुलीने, तो कडुनिंबाचा पाला घालून जपून ठेवला होता. "शोभेला पाहिजे, परत देऊ," असं सांगून नेला, आणि मी बघायला गेले तर हा असा, मेलेल्या वटवाघळासारखा ताणून ठोकलेला.

मी तिथल्या माणसाला म्हटलं, "खिळे काढ."

तो म्हणाला, "मावशी, साहेबांना विचारा. डेकोरेशनला हात लावायचा नाय."

साहेब म्हणजे केसरीनाथ. त्याचा बाप आणि माझा बाप एकाच मिठागरात उघड्या पायांनी मीठ ओढायचे. दोघांच्याही तळव्यांना भेगा होत्या, आणि मेल्यावर दोघांचेही पाय लवकर जळले नाहीत, मिठाच्या माणसाचे जळत नाहीत म्हणतात. पुढे खाडीकाठची जमीन भरावाखाली गेली, तिच्यावर गोदामं उभी राहिली, आणि केसरीनाथ साहेब झाला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्याची जमीन त्याचं नशीब.

चौऱ्याण्णव साल होतं, दिवाळी होऊन गेलेली. केसरीनाथची गोदामं भाड्याने घेणारे मुंबईचे, सुरतेचे व्यापारी बायकापोरांसह एक दिवस यायचे होते. त्यांच्यासाठी त्याने कार्यक्रम ठरवला होता आणि पत्रिकाही छापली होती: "आगरी संस्कृतीचा अनुभव घ्या. कला, संगीत, भोजन." इथले मूळचे लोक कसे राहतात, काय खातात, काय गातात, ते पाहुण्यांना एका दुपारी दाखवायचं. मूळचे लोक म्हणजे आम्ही. आम्ही तिथेच दोन हाकांच्या अंतरावर राहत होतो, पण आमच्या घरी कुणी येणार नव्हतं.

भिंतीवर लग्नाचा चौक काढायला बायकांना बोलावलं आणि हातात ऑइलपेंटचा डबा दिला. गोदूबाई म्हणाली, "चौक तांदळाच्या पिठाचा असतो." तर व्यवस्थापक म्हणाला, "पीठ टिकत नाही." चौक टिकवायचा असतो हे तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं. लग्न झालं की आम्ही तो पुसून टाकतो. जेवणात निवट्यांचं, खाडीच्या चिखलातल्या माशांचं, कालवण होतं, पण आमच्या खाडीतले निवटे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या पाण्याने केव्हाच मेलेले, म्हणून कुठल्या तरी दुसऱ्या खाडीतले आणले. शाकाहारी पाहुण्यांसाठी "आगरी पनीर" होतं. मी सत्तरीच्या घरात आलेली बाई, पण आगरी पनीर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

हेसुद्धा मी गिळलं असतं. पण केसरीनाथ माझ्या दारात आला तो वेगळ्याच कामाला.

मी धवलारीण आहे. आता गळा राहिला नाही, पण तेव्हा होता. आमच्यात लग्न धवलारीण लावते. भट आमच्यात उशिरा आला, माझ्या लहानपणी तर कुणी बोलवत नसे. मांडव पडल्यापासून नवरा-नवरी पाटावर बसेपर्यंत धवलारीण गाते, त्या गाण्याला धवला म्हणतात. धवल्यात सगळ्यांना बोलावणं जातं: गावदेवीला, खाडीला, वेशीवरच्या वीराला, घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन. ते सगळे आले की त्यांच्यासमोर शेवटची ओवी गायची, तांदूळ टाकायचे, आणि गावातल्या जाणत्याने म्हणायचं, "लगीन लागला." तेवढंच. त्यापुढे सही नाही, शिक्का नाही. माझ्या आक्कापासून, म्हणजे माझ्या मोठ्या चुलतीपासून मी हे शिकले. तिने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं: सराव करायचा तर तुकड्या-तुकड्याने कर. पुरा धवला लग्नाशिवाय तोंडातून काढायचा नाही.

केसरीनाथ ओटीवर बसला. सफारी शर्ट, बोटात अंगठ्या.

"जानकीबाय, तू धवला गायचा. स्टेजवर. पावन्यांना खरा आगरी लगीन दाखवायचा हाय."

"लगीन कोनाचा?"

"कोनाचा न्हाय गो. नाटक. एक पोरगा बसवायचा, एक पोरगी बसवायची. तू पाच मिनटं गायचास."

"देवांना बोलावून सांगू काय? लगीन न्हाय, मजा हाय, पनीर खाऊन जावा?"

तो हसला. त्याला मी गमतीत बोलले असं वाटलं. "तुजा आपला कायतरी. पोरगा-पोरगी घरचीच हायेत. आमचा अनंता आनि तुमची कमळ. शोभंल जोडी."

मी तांदूळ पाखडत होते. हातातलं सूप खाली ठेवलं.

इथे सांगायला हवं. अनंता केसरीनाथचा मुलगा. त्याचा आणि कमळचा साखरपुडा सत्याऐंशी साली झाला होता. तेव्हा केसरीनाथ साधा माणूस होता आणि माझ्या भावाला त्याने हौसेने सोयरा म्हटलं होतं. मग जमिनीला भाव आला. पहिल्या वर्षी म्हणाला, घर बांधतोय. दुसऱ्या वर्षी म्हणाला, गोदामाचं काम निघालं. तिसऱ्या वर्षी माझा भाऊ वारला, वहिनी आधीच गेली होती, आणि विचारणारा पुरुष राहिला नाही. मी विचारलं की म्हणायचा, "हो हो, बघूया." मोडतोही नव्हता आणि पाळतही नव्हता. मोडला असता तर पंचांसमोर येऊन कारण सांगावं लागलं असतं, म्हणून त्याने पोरीला तशीच लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवली. साखरपुडा झालेल्या मुलीला दुसरं स्थळ येत नाही. कमळ सतरा वर्षांची होती, ती चोविशीला आली. कल्याणच्या एका बिल्डरच्या मुलीशी अनंताचं जमवतात असं दिवाळीत कानावर आलं होतं. आणि आता हा माणूस माझ्या ओटीवर बसून म्हणत होता, शोभंल जोडी.

"निघ," मी म्हटलं.

"आगो जानकीबाय, रागावतंस कशाला? नाटकच हाय ना?"

"निघ इथून."

तो उठला, चप्पल घालता घालता म्हणाला, "विचार कर. तुजा मान ठेवला म्हनून आलू. न्हायतर कॅसेट लावतू."

कमळ आत भाकऱ्या थापत होती. तिने सगळं ऐकलं होतं. रात्री जेवताना ती म्हणाली, "आत्या, हो सांग त्याला."

"तुजा डोका फिरला क?"

"तू गाशील ना, तर पुरा गा. पाच मिनटांचा नको. सगल्यांना बोलाव, माज्या बापाचं पन नाव घे."

मी भाकरी खाली ठेवली. पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तोंडावर लाज नव्हती. मला कळलं की हिला काय कळलंय ते. पुरा धवला गायला, गावाच्या जाणत्यांसमोर तांदूळ पडले, की लग्न लागलं. नाटक म्हणून बसा नाहीतर झोपेत बसा. केसरीनाथ हे विसरला होता. त्याच्या लेखी लग्न म्हणजे हॉल, बँड, छापील पत्रिका आणि भटजी. त्यातलं एकही नाही, म्हणजे लग्न नाही.

"तुला तोच पायजे?" मी विचारलं. "इतकी वर्षं ज्यानं तोंड दावला न्हाय तो?"

ती म्हणाली, "माना लगीन पायजे."

मी समजले ते माझ्या परीने समजले. तिच्या हक्काचं तिला मिळालं पाहिजे, मग तो नवरा कसाही असो, असं माझ्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी मी निरोप धाडला: गाते.

निजामपुऱ्यात आम्ही दोघी बांगड्या भरायला गेलो. नसीबा कोकणी मुसलमान, माझ्याच वयाची, तिच्या सासूच्या काळापासून आमच्या गावच्या नवऱ्या तिच्याकडे बांगड्या भरतात. गल्लीत दोन्ही बाजूंना लूम खडखडत होते, तिथे सगळे ओरडूनच बोलतात.

"काय गो जानकी, कोनाची शादी?"

"हिची."

"अल्ला, खरंच? नवरा कोन?"

"नाटकातला," कमळ म्हणाली.

नसीबाने तिचा हात हातात धरला होता, तो तसाच धरून तिने आधी कमळकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "मग बांगड्या कुठल्या भरू? प्लास्टिकच्या देऊ? नाटकवाले त्याच नेतात."

"काचेच्या," कमळ म्हणाली. "फुटतील अशा."

नसीबाने हिरवा चुडा भरला. भरताना तिने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलं, दुवा असावी, आणि मला म्हणाली, "मला समजत नाय बाई, पन तुमी दोगी काय चांगल्या दिसत न्हाय आज."

कार्यक्रमाच्या दिवशी गोदामात झगमगाट होता. एका टोकाला स्टेज, त्यावर बांबूचा मांडव, वर भाताचा पेंढा. एका कोपऱ्यात कणग्या आणि टोपल्या मांडलेल्या, पाहुण्यांची पोरं त्यांत बसून फोटो काढत होती. एका बाईने उखळात मुसळ घालून पाहिलं आणि मैत्रिणीला हिंदीत म्हणाली, व्यायाम चांगला होतो. भिंतीवर तो ऑइलपेंटचा चौक आणि त्याच्या शेजारी माझ्या भावाचा पाग. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना नऊवारीत पुढे चटयांवर बसवलं होतं, देखाव्याचा भाग म्हणून. त्यांच्या मागे चांगदेव बसला होता, गावातला सगळ्यात जाणता पुरुष, ज्याच्या शब्दावर पंच उठतात-बसतात. त्याला आणि दोघातिघा पंचांनाही फेटे घालून देखाव्यासाठीच आणलं होतं.

माइकवाला म्हणाला, "आता आपण पाहणार आहोत पारंपरिक आगरी विवाह." मग माइकवर हात ठेवून मला म्हणाला, "आजी, पाच मिनिटं हां. जेवण गरम आहे."

अनंता पाटावर येऊन बसला. गळ्यात साखळी, तोंडात गुटखा. मित्रांकडे बघून डोळे मारत होता. कमळ येऊन समोर बसली तेव्हा त्याने तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की पहिला सूर चढाच लागला.

मी गावदेवीला बोलावलं.

> ये गो गावदेवी, वेस ओलांडून ये,
> तुझ्या लेकीच्या मांडवी उंबर रोविला ये.

मग खाडीला, मग वीराला. पाहुणे कौतुकाने बघत होते, दोघातिघांनी अंगठ्या घातलेल्या हातांनी ताल धरला. मग मी मेलेल्यांची नावं घ्यायला लागले. केसरीनाथच्या बापाचं घेतलं, त्याच्या आईचं घेतलं. पुढच्या चटईवरची गोदूबाई ताठ झाली. नाटकात मेलेल्यांची नावं घेत नाहीत हे तिला ठाऊक होतं. मी माझ्या वहिनीचं नाव घेतलं, मग भावाचं घेतलं, आणि गोदूबाईने ध्रुवपद उचललं. तिच्या मागून दुसरीने, मग सगळ्यांनी. बायकांचा आवाज त्या पत्र्याच्या छपराला लागून घुमायला लागला. चांगदेवने पायातल्या चपला काढून मागे सरकवल्या आणि फेट्यातलं प्लास्टिकचं फूल उपटून खिशात घातलं.

पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. माइकवाला घड्याळ दाखवत होता. सुरतवाले चुळबुळ करत होते, जेवणाचे डबे उघडून परत झाकले जात होते. केसरीनाथने कडेने मला हात केला, आवर आवर म्हणून. मी त्याच्याकडे बघून गात राहिले. त्याला वाटलं म्हातारीला रंग चढलाय. पाहुण्यांसमोर गाणाऱ्या म्हातारीला ओढून खाली उतरवायची त्याला लाज वाटली.

अनंताचं हसू मध्येच कुठेतरी बंद पडलं. त्याने गुटखा गिळला.

शेवटची ओवी मी हळू गायले. तांदूळ टाकले. म्हाताऱ्यांनी कमरेला बांधून आणलेले तांदूळ टाकले, घरून निघताना त्यांनी ते का बांधले होते हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. मग मी विचारलं, जसं विचारायचं असतं तसं.

"चांगदेव, काय झाला?"

चांगदेव उठून उभा राहिला. "लगीन लागला," तो म्हणाला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. केसरीनाथ स्टेजवर आला, तोंडावर हसू होतं पण आवाज दबलेला. "काय बोलतंस चांगदेवदादा? नाटक हाय."

"मी नाटकात काम करत न्हाय," चांगदेव म्हणाला.

"भट न्हाय, मुहूर्त न्हाय, काय न्हाय. कसला लगीन?"

"तुज्या लगनाला व्हता भट?"

केसरीनाथने माइकवाल्याला माइक बंद करायची खूण केली.

"हिच्या आक्कानं धवला गायला. मी तांदूळ टाकले. तुजा बाप बोलला लगीन लागला, आनि तू बायकोला घेऊन घरी गेलास. हा नाटक असंल तर तो पन नाटक. मग हा अनंता कोनाचा, त्ये तू सांग पावन्यांना. माइक हाय."

पुढच्या चटईवर कुणीतरी हसलं. केसरीनाथचा चेहरा ऑइलपेंटच्या चौकासारखा पांढरा झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्या क्षणाची किती वर्षं वाट बघत होते ते मला त्याच क्षणी कळलं. मी म्हटलं, "सुनेला घरात घे, केसरीनाथ."

अनंता पुटपुटला, "बाबा, कल्याणवाले..."

तेव्हा कमळ पाटावरून उठली.

तिने हात वर करून मांडवावरच्या पेंढ्यातून एक काडी उपसली. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. चांगदेवच्या लक्षात आधी आलं असावं, कारण तो पुढे सरकला.

"लगीन लागला ना?" कमळने त्याला विचारलं.

"लागला."

"पंचांसमोर लागला?"

"हो गो पोरी."

"मग ही बघा." तिने काडी अनंताच्या तोंडासमोर धरली आणि मोडली. एक तुकडा त्याच्या मांडीवर टाकला, एक स्वतःच्या हातात ठेवला. "काडीमोड. माजा याचा संबंध न्हाय."

मग ती केसरीनाथकडे वळली. आवाज चढवला नाही तिने. "साखरपुड्याला काडी नसते, काका. असती तर पयल्याच वर्षी मोडली असती."

पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, पहिल्यापेक्षा जोरात. माइकवाला म्हणाला, "वा, किती सुंदर प्रथा," आणि जेवणाला चला म्हणाला.

मी तिथेच उभी होते. मला तिचा राग आला होता, हे मी लपवत नाही. मी पूर्ण धवला गायले तो तिला सासर मिळावं म्हणून, आणि तिने तो दाराची कडी काढायला वापरला. पण मग मी अनंताकडे पाहिलं. तो मांडीवरचा काडीचा तुकडा दोन बोटांनी झटकत होता, शर्टाला काही चिकटलं की झटकतात तसा. माझा राग पुन्हा जिथला तिथे गेला.

कमळ स्टेजवरून उतरून सरळ भिंतीकडे गेली आणि पागाचे खिळे उपटायला लागली. डेकोरेशनवाला धावत आला. चांगदेव त्याला म्हणाला, "पोरीला पक्कड दे." त्याने दिली. हिरव्या चुड्यातल्या दोन-तीन बांगड्या तिथेच फुटल्या. तिने पाग खांद्यावर टाकला. केसरीनाथची बायको इतका वेळ कुठे होती कोण जाणे, ती पुढे आली आणि खाली मान घालून म्हणाली, "जेवून जा गो." कमळने तिच्या पायांना हात लावला आणि आम्ही निघालो. म्हाताऱ्या आमच्या मागे उठल्या. त्या दिवशी आगरी भोजन पाहुण्यांनीच केलं.

पुढचं थोडं आहे. काडीमोड झालेल्या मुलीचा आमच्यात पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न. कमळचा दुसऱ्या वर्षी लागला, अकलोलीला, तिने स्वतः बघून हो म्हटलेल्या माणसाशी. त्याला पाग टाकता येत नाही, पण दुरुस्त करायला बसतो तिच्याबरोबर. खिळ्यांच्या जागा अजून ओळखू येतात, तिथला दोरा नवा आहे.

अनंताची मात्र पंचाईत झाली. बातमी कल्याणला पोचली. त्यांनी विचारलं, मुलगा दुसरेपणाचा आहे का? बिल्डर झाला तरी आगरीच, त्याच्याही घरात कुणी म्हातारी असणारच. पावसाळ्याच्या तोंडाशी केसरीनाथ पुन्हा माझ्या ओटीवर आला. या वेळी बसायला सांगेपर्यंत उभा होता, आणि मी सांगितलं नाही.

"जानकीबाय, एकदा कल्याणला चल माज्यासंगती. त्या लोकांना सांग, नाटक व्हता म्हनून. तुजा शब्द मानतील."

"मी सगल्यांना बोलावला, केसरीनाथ. तुज्या आईबापाला बोलावला. आता त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?"

"माना काय ठावं तू पुरा गाशील."

"दोन फुटांवर उभा व्हतास. थांबवायचा माना."

त्याने बोटातली अंगठी फिरवली. "माना वाटला, गाना हाय," तो म्हणाला.

"गानाच व्हता," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.